शेजाऱ्याची साक्ष

आमच्या आळींत गेल्या उन्हाळ्यांत एक प्रसंग घडला. तो वृत्तपत्रांत आला नाहीं, आणि ज्यांच्या घरीं घडला त्यांच्या इच्छेवरून येथेंही मी नांवें देत नाहीं. मात्र तो सांगण्यास त्यांची संमति आहे. इतकेंच नव्हे, तर चार घरीं कळलें म्हणजे चार घरें सावध होतील, असा त्यांचाच आग्रह आहे. म्हणून लेखाचा आरंभ त्या प्रसंगानेंच करतों.

पुण्याच्या जुन्या पेठेंत, जेथें पूर्वीं दोन चौकांचा वाडा होता, तेथें आतां चार मजल्यांची इमारत उभी आहे. तींत चौदा बिऱ्हाडें. दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहतें. आजोबा, आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें अशीं नऊ माणसें तेथें एका छपराखालीं नांदतात. आजच्या काळांत विरळाच दिसणारें असें हें भरलें घर. आजोबांना सारी आळी आप्पा म्हणते. त्यांची सारी नोकरी सरकारी हिशेबखात्यांत झाली. दुसऱ्याच्या वहींतली चूक काढण्यांत ज्यांची हयात गेली, अशा माणसाला कोणी फसवील हें आम्हांपैकीं कोणाच्या स्वप्नांतही आलें नसतें.

एका सोमवारीं सकाळीं आप्पांचा दूरध्वनि वाजला. "तुमच्या नांवावर उघडलेल्या एका खात्यांतून गुन्ह्याचा पैसा फिरला आहे," असें सांगून पलीकडच्या गृहस्थानें त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलें. पडद्यावर खाकी गणवेश, पाठीमागें भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर फायलींचा ढीग. बोलणें शांत, अदबीचें आणि मधून मधून इंग्रजी. "आपणांस डिजिटल अटक करण्यांत आली आहे. हा कॉल बंद करावयाचा नाहीं. घरांत कोणाला सांगितलेंत तर त्यांनाही आरोपी करावें लागेल."

पुढचे दोन दिवस आप्पा आपल्या खोलींत बसून राहिले. बाहेर आठ माणसें वावरत होतीं. थोरली सून ताट आंत नेऊन देई. कानांत यंत्र घातलेलें असल्यामुळें पलीकडचा आवाज कोणास ऐकूं येत नसे. आप्पा कीर्तन ऐकत असतील, असें सर्वांनीं गृहीत धरलें. पहिल्याच दिवशीं 'तपासणीसाठीं' म्हणून चार लाख रुपये गेले. दुसऱ्या दिवशीं मुदतठेव मोडून आणखी अकरा लाख पाठवावयाचे ठरलें, आणि त्यासाठीं आप्पा भर दुपारीं बँकेकडे जावयास निघाले.

जिन्यांत समोरच्या बिऱ्हाडांतल्या काकू भेटल्या. "आप्पा, एवढ्या उन्हांत कुठें निघालांत? आणि काल संध्याकाळीं कट्ट्यावर दिसला नाहींत ते?" नेहमींचे आप्पा असते तर जिन्यांतच पांच मिनिटें गप्पा झाल्या असत्या. त्या दिवशीं त्यांनीं मान खालीं घातली आणि एक अक्षर न बोलतां ते पायऱ्या उतरूं लागले. काकूंनीं दुसरा प्रश्न विचारला नाहीं. "थांबा, मलाही बँकेंतच जायचें आहे," असें म्हणून त्यांनीं चपला पायांत सरकविल्या आणि निघतां निघतां आप्पांच्या धाकट्या सुनेला हांक मारली. पुढची हकीकत लांबवीत नाहीं. अकरा लाख वाचले. आदल्या दिवशींच्या चार लाखांपैकीं, १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदविल्यामुळें, थोडी रक्कम वाटेंतच गोठविली गेली. उरलेली गेली ती गेलीच.

त्यानंतर आठ दिवस आप्पा पंगतीला बसले नाहींत. त्यांचें ताट खोलींतच जात असे. शेवटीं धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, तुम्ही आम्हांला कां नाहीं सांगितलेंत?" तेव्हां ते म्हणाले, "घराची अब्रू जाईल असें वाटलें, बाळ."

भीतीची कडी आंतून

आप्पांच्या या उत्तराचा आपण सर्वांनीं विचार केला पाहिजे. पूर्वींचा चोर बाहेरून कुलूप फोडीत असे. हा नवा चोर घरांतल्या माणसाकडूनच आंतून कडी लावून घेतो. त्याचें खरें हत्यार म्हणजे गणवेश नव्हे कीं राजमुद्राही नव्हे. 'कोणाला सांगूं नका' हे तीन शब्द हेंच त्याचें हत्यार. आणि हे शब्द अशिक्षितापेक्षां सुशिक्षितावर अधिक चालतात. कारण कोर्टकचेरीची पायरी जन्मांत न चढलेल्या मध्यमवर्गीय माणसाला कायद्याची भीति जितकी वाटते, तितकीच लोक काय म्हणतील याचीही वाटते.

'डिजिटल अटक' अशी कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यांत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं 'मन की बात' या आकाशवाणीवरील भाषणांत पंतप्रधानांनींही देशाला हेंच सांगितलें. पुढें २०२५ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें या फसवणुकींची स्वतः होऊन दखल घेतली. इतकें होऊनही माणसें फसतात, याचें एक कारण असें कीं, खरी अटक कशी होते हेंच आपणांस ठाऊक नसतें. तें थोडक्यांत पाहूं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणें, अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचें नांव स्पष्ट दिसेल अशी ओळख त्याच्या अंगावर असावी लागते. त्यानें अटकेचा लेखी पंचनामा करावयाचा असतो, आणि त्या लेखावर निदान एका साक्षीदाराची सही लागते. हा साक्षीदार कोण? एक तर अटक होणाऱ्याच्या कुटुंबांतील व्यक्ति, किंवा त्या वस्तींतील एखादा प्रतिष्ठित रहिवासी. घरच्या माणसाची सही नसेल, तर आपल्या आप्ताला किंवा मित्राला कळविण्याचा त्याचा हक्क आहे, हें त्याला सांगावें लागतें. डिसेंबर १९९६ मध्यें डी. के. बसु विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें घालून दिलेल्या दंडकांतही हीच अट होती.

वाचकांनीं या अटीचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. खरा कायदा अटकेच्या वेळीं घरच्याला किंवा शेजाऱ्याला बोलावतो. खोटा पोलीस या दोघांनाही दूर ठेवतो. खऱ्याखोट्याची यापेक्षां सोपी कसोटी दुसरी नाहीं. 'कोणाला सांगूं नका' असें जो म्हणतो तो सरकारी माणूस नव्हे. मग त्याचा गणवेश कितीही कडक इस्त्रीचा असो. त्याचप्रमाणें, कोणतीही तपासयंत्रणा तपासणीसाठीं तुमचे पैसे दुसऱ्या खात्यांत पाठवावयास सांगत नाहीं.

वाड्याचें गुणगान नको

येथें कोणी म्हणेल, "पूर्वींचा वाडाच बरा होता, एकाची शिंक साऱ्या वाड्याला ऐकूं येत असे." तें खरें आहे, परंतु त्याच वाड्यांत सुनेचें रडणें सर्वांना ऐकूं येऊनही कोणी मध्यें पडत नसे, हेंही खरें आहे. त्या वाड्यांत चौकशी पुष्कळ होती, परंतु तिच्यांतली निम्मी चौकशी निंदेसाठीं होती. शिवाय कोणाला आंत घ्यावें आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवावें, याचे त्या वाड्याचे नियम आज आपणांस लाजच आणतील. तेव्हां तो वाडा परत आणण्याची गोष्ट मी करीत नाहीं.

मला म्हणावयाचें आहे तें एवढेंच: काकूंना आप्पांच्या घरची बित्तंबातमी नव्हती. त्यांना दोनच गोष्टी ठाऊक होत्या. आप्पा रोज संध्याकाळीं कट्ट्यावर बसतात, आणि हांक मारली कीं ओ देतात. त्या दोन्ही गोष्टी चुकल्या, म्हणून त्या थांबल्या. शेजाऱ्याविषयीं इतकी माहिती असणें ही चहाटळकी नव्हे. ती राखण आहे. आणि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांनीं यांतून विशेष बोध घ्यावा. घर भरलेलें आहे म्हणजे घरांतला प्रत्येक माणूस सोबतींत आहे असें नव्हे. नऊ माणसांच्या घरांतही एक माणूस दोन दिवस तुरुंगांत असूं शकतो.

बातमी आणि अफवा

शेजारच्या बातमीला दुसरी बाजूही आहे, आणि ती भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें पांच माणसांना जमावानें ठेचून मारलें. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गांवोगांव पसरली होती. मारले गेलेले लोक नाथपंथी डवरी गोसावी समाजांतले, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे होते. ज्यांनीं तो संदेश पुढें ढकलला, त्यांतल्या पुष्कळांना आपण आपल्या शेजाऱ्यांना सावध करीत आहों, असेंच वाटलें असेल.

म्हणून 'सावध राहा' असा संदेश पुढें पाठविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारण्याची संवय प्रत्येकानें लावून घ्यावी. हें कोणी प्रत्यक्ष पाहिलें? केव्हां पाहिलें? कोठें पाहिलें? तिहींचीं उत्तरें नांव, तारीख आणि ठिकाण यांसह मिळालीं तर ती बातमी. न मिळालीं तर ती अफवा, आणि ती आपल्यापाशींच थांबवावी. आणखी एक गोष्ट आम्हां शिकलेल्या लोकांनीं मनाशीं कबूल करावी. आमचा संशय नेहमीं मळक्या कपड्यांवर जातो. भंगारवाला, बोहारीण, नवी मोलकरीण दिसली कीं आम्ही दारें लावून घेतों. आणि आप्पांना लुटणारा मात्र स्वच्छ गणवेशांत, शुद्ध भाषेंत बोलत, थेट त्यांच्या खोलींत येऊन बसला होता.

खरी बातमी वेळेवर मिळाली तर काय होतें आणि न मिळाली तर काय होतें, हें मुठाकांठच्या पुणेकरांना निराळें सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंही फुटलें आणि पाणी पेठांत शिरलें. त्या दिवशीं पुष्कळांचे प्राण वाचले ते कोणाच्या तरी हांकेमुळें. २५ जुलै २०२४ रोजीं पहाटें सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत पाणी शिरलें, तेव्हांही आधीं जागा झालेल्यानें दुसऱ्याचें दार ठोठावलें. त्याच पहाटें डेक्कनकडील पुलाच्या वाडींत साचलेल्या पाण्यांत विजेचा धक्का बसून तिघे जण गेले. पाणी चढत असतांना गाडी किंवा सामान वांचविण्याचा मोह किती घातक ठरतो, हें त्यावरून दिसतें.

प्रत्येक घरानें करण्याजोगें

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. यांस फारसा खर्च लागत नाहीं. थोडी शिस्त मात्र लागते.

पहिली गोष्ट दूरध्वनीची. घरांतल्या सर्वांनीं एक सांकेतिक शब्द ठरवावा. "आजी, मी अडचणींत आहें, पैसे पाठव," असा नातवाच्या आवाजांत दूरध्वनि आला, तर आजीनें तो शब्द विचारावा. कारण आज यंत्राच्या साह्यानें कोणाच्याही आवाजाची नक्कल करतां येते. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल उघडतांना तिच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असलीं, तर ती पत्रिका नव्हे; ती तुमच्या दूरध्वनींत शिरूं पाहणारी चोरवाट आहे. फसवणूक झालीच तर लाजेनें एक रात्रही दवडूं नये. ताबडतोब १९३० वर सांगावें आणि बँकेसही कळवावें. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत फार झपाट्यानें सरकतो. जितक्या लवकर तक्रार, तितकी तो अडविला जाण्याची आशा अधिक.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. सिलिंडरचा वायु हवेहून जड असतो. तो जमिनीलगत पसरतो आणि जिन्यावाटे खालच्या मजल्यावर उतरतो. नळावाटे येणारा वायु हवेहून हलका. तो वर चढतो. वास आला तर विजेचें बटण दाबूं नये, चालू असलेलें बंदही करूं नये. कारण दोन्ही वेळां ठिणगी पडते. रेग्युलेटर किंवा नळ बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या आणि शेजाऱ्यांना बाहेर काढावें. त्यांना उठवितांना दारावरची घंटा मात्र वाजवूं नये, कारण तीही विजेचीच. हातानें दार ठोठवावें. बाहेर आल्यावर सिलिंडरच्या वायूसाठीं १९०६ हा क्रमांक लावावा. सिलिंडरची रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी. कढईंतलें तेल पेटलें तर त्यावर पाणी ओतूं नये. शेगडी बंद करून झांकण ठेवावें.

तिसरी गोष्ट जिन्याची. आग लागल्यावर लिफ्टनें उतरूं नये. जिना हाच खरा मार्ग, आणि आपण त्याच जिन्यांत जुन्या सायकली, चपलांचीं कपाटें व रद्दीचे गठ्ठे रचून ठेवतों. विजेवर चालणाऱ्या स्कूटरी जिन्याखालीं किंवा मीटरच्या पेटीजवळ भरणास लावूं नयेत.

चौथी गोष्ट दाराची आणि रस्त्याची. "दागिने उजळून देतों" म्हणून येणारा, आणि "पुढें गडबड झाली आहे, बांगड्या काढून रुमालांत ठेवा" असें सांगणारा साध्या वेषांतला पोलीस, हे दोघेही जुनेच ठग आहेत. खरा पोलीस कोणाचे दागिने बांधून देत नाहीं. अशा वेळीं जवळच्या दुकानांत शिरावें आणि दुकानदाराला मोठ्यानें हांक मारावी. गांवाला जातांना दूध आणि वर्तमानपत्र बंद ठेवावें, शेजाऱ्यांना परत येण्याचा दिवस सांगून जावें, आणि प्रवासाचीं छायाचित्रें परत आल्यावरच जगाला दाखवावीं.

पांचवी गोष्ट यादीची. कोणत्याही संकटांत ११२, अग्निशामक दलासाठीं १०१, रुग्णवाहिकेसाठीं १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठीं १४५६७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आंतल्या बाजूस लावावे. त्यांच्याखालीं वरच्या, खालच्या आणि समोरच्या बिऱ्हाडांचे क्रमांक असावे. आमच्याकडे हें काम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झालें. तिळगुळाच्या पुडीबरोबर प्रत्येक घरीं छापील यादी गेली. एकटे राहणाऱ्यांच्या घरीं ती कोणीतरी स्वतः जाऊन लावून आलें.

फळा

शेवटीं आमच्या इमारतीनें केलेली एक साधी गोष्ट सांगतों. प्रवेशदारापाशीं आम्ही एक काळा फळा लावला. पाणी कधीं बंद राहणार, कोणत्या मजल्यावर वायरीचें काम चालू आहे, कोणाच्या घरीं आजारपण असून रात्रीं मदत लागण्याचा संभव आहे, आळींत कोणती फसवणूक खरोखर घडली, एवढेंच त्यावर लिहावयाचें. बातमीखालीं तारीख आणि पाहणाऱ्याचें नांव हवें. निनांवी बातमी पुसून टाकण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. व्हॉट्सॲपचा गट आमचाही आहे, परंतु फळ्यावर स्वतःच्या हस्ताक्षरांत आणि स्वतःच्या नांवानिशीं लिहावयाचें म्हटलें कीं माणूस आपोआप जपून लिहितो.

तें काम कोणी करावें असा प्रश्न निघाला, तेव्हां काकूंनींच आप्पांचें नांव सुचविलें. आधीं त्यांनीं हात जोडले. "मी फसलेला माणूस, मी काय दुसऱ्यांना सावध करणार?" काकू म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही हवेत, आप्पा."

फळ्यावरची पहिली बातमी आप्पांनीं स्वतःची लिहिली. रक्कम, वार, वेळ, आणि पलीकडचा माणूस काय काय बोलला तें सर्व. हिशेबखात्यांतलें तें वळणदार अक्षर वाचावयास त्या दिवशीं साऱ्या आळीनें गर्दी केली होती. खालीं तारीख होती. 'कोणी पाहिलें' या रकान्यांत त्यांनीं आपलें नांव घातलें आणि शेजारीं साक्षीदार म्हणून काकूंची सही घेतली.